रंग तीनदा बदलला, फोड तिथेच: जुन्या मसल कारचा पेंट निवडायच्या आधी हे बघा

प्रॉब्लेम आधी सांगतो, म्हणजे ज्यांचा हाच आहे तेच पुढे वाचतील. गाडी १९७० ची डॉज चॅलेंजर, ३८३ घन इंचाचं इंजिन, सगळं आयुष्य मिशिगनमध्ये गेलंय म्हणजे हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ पोटभर खाल्लेली. रंग चकाचक करून घेतला की पहिले आठ-दहा महिने सगळे विचारतात कुठे केलं, किती लागले. मग ऑगस्टची दमट हवा सुरू झाली की मागच्या खांबावर, छत आणि क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) जिथे जुळतं तिथे, एक बारीक रेघ फुगते. फोटोत दिसत नाही, बोट फिरवलं की कळते. महिन्याभरात त्या रेघेचे मोहरीएवढे फोड होतात, मग साबुदाण्याएवढे, आणि मागच्या चाकाच्या मागे खालच्या बाजूला दुसरी वसाहत सुरू होते. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की खांबावरचे अर्धे फोड बसतात आणि आपल्याला वाटतं चला सुटलो. सुटत नाही, पुढच्या ऑगस्टला दुप्पट.

माझं हे तीनदा झालं. पहिल्यांदा एका बॉडी शॉपने केलं, त्यांचं नाव घेत नाही कारण पुढे वाचाल तर कळेल अर्धी चूक माझीच होती, मी त्यांना पत्र्यापर्यंत सोलायचे पैसे द्यायला तयार नव्हतो. दुसऱ्यांदा त्यांनीच वॉरंटीत तेवढाच भाग घासून वरचा क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) दुसऱ्या महागड्या ब्रँडचा मारून दिला. तिसऱ्यांदा मी म्हटलं गेलं खड्ड्यात, मीच करतो, घरच्या गॅरेजमध्ये, एप्रिल महिन्यात, प्रोपेन हीटर लावून. तिसऱ्या वेळेस फोड तर आलेच पण बॉनेटवरचा रंग अख्खा पापुद्रा निघावा तसा निघाला, मास्किंग टेप ओढली तर टेपबरोबर वीतभर रंग हातात. त्या दिवशी मी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून नुसता बसून राहिलो होतो.

आणि या सगळ्यात दरवेळी मी एकच प्रश्न विचारत होतो, जो तुम्हीही विचारत असाल: कुठला पेंट घेऊ म्हणजे फोड येणार नाहीत? सिंगल स्टेज (रंग आणि चमक एकाच थरात) घेऊ का बेसकोट-क्लिअरकोट (आधी रंग, वर पारदर्शक थर)? जुन्या पद्धतीचा लॅकर (नुसता थिनर उडून सुकणारा रंग) मारू का? ब्रँड कुठला? प्रश्नच चुकीचा होता. वरचा रंग हा या गाडीवर ठरवायची सगळ्यात शेवटची गोष्ट आहे आणि आपण सगळे सुरुवात तिथून करतो, कारण रंगाचे कार्ड बघायला मजा येते आणि पत्रा सोलायला येत नाही.

आई त्या वर्षी चिपळूणहून आली होती. तिने फोड बघितले आणि म्हणाली, "अरे हे आपल्या माजघराच्या भिंतीसारखं झालंय, तुझे बाबा दर दिवाळीला रंग काढायचे आणि दर पावसाळ्यात पोपडे, शेवटी पन्हळ गळत होती ती सापडली." मी तेव्हा हं हं केलं. नंतर दोन महिन्यांनी सापडलेली गोष्ट बरोबर तीच होती, फक्त पन्हळीच्या जागी मागच्या काचेखालचा चर होता.

आता मुद्द्यावर. फोड आला की लोक काय करतात, फोडावर वॉटर पेपर मारतात आणि सपाट करतात. थांबा. फोड हा पुरावा आहे, तो पुसू नका. नवीन ब्लेड घ्या (सर्जिकल ब्लेड मिळालं तर उत्तम), भिंग घ्या, मोबाईलचा टॉर्च तिरका धरा, आणि फोडाची टोपी अलगद कापून उलटी करा. टोपीची खालची बाजू आणि खड्ड्याचा तळ, दोन्ही बघायचे. तळाला काय दिसतं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

तळाला तपकिरी-काळा पत्रा आणि टोपीला आतून गंज चिकटलेला, म्हणजे गंज आहे, आणि बहुतेक वेळा तो आतल्या बाजूने आलेला असतो. चाकामागच्या खालच्या भागात, दरवाजाच्या तळाला, पुढच्या फेंडरच्या मागच्या कोपऱ्यात हेच असतं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबा, पत्रा दबला किंवा टोक आरपार गेलं तर वरून कुठलाही पेंट, कुठलंही रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन), काही उपयोग नाही.

तळाला स्वच्छ पत्रा पण एक-दोन थेंब ओलावा, किंवा फोड पाणचट आणि हवा कोरडी झाली की बसणारा, म्हणजे खाली काहीतरी पाणी ओढणारं अडकलंय. मीठ, घामाचे हात, अॅसिड, फ्लक्स, साध्या नळाच्या पाण्यातले क्षार. रंगाचा थर आपल्याला काचेसारखा वाटतो पण त्यातून पाण्याची वाफ हळूहळू आत जातेच, आणि खाली क्षार असला की तो ते पाणी धरून ठेवतो आणि थर वर उचलला जातो. चार-पाच फोड एका ओळीत, बोटांच्या अंतरावर असतील तर हसू नका, ते खरोखर कुणाच्यातरी बोटांचे ठसे असतात. माझ्या ट्रंकच्या झाकणावर असे होते आणि घरात खोबरेल तेल लावणारे आम्ही तिघं आहोत, तपास मी तिथेच थांबवला.

तळाला गुळगुळीत प्रायमर, टोपीची खालची बाजूही गुळगुळीत, म्हणजे दोन थर एकमेकांना चिकटलेच नाहीत. आणि चौथा प्रकार, फोड नाहीच, टाचणीच्या टोकाएवढी बारीक छिद्रं, रंग मारल्यावर काही तासांत किंवा दिवसांत दिसलेली, तो सॉल्व्हंट पॉप. एकावर एक हात घाईने मारले, थिनर हवेच्या मानाने फार लवकर उडणारा वापरला, वरचा थर आधी सुकला आणि आतला थिनर नंतर फुटून बाहेर आला. तो ऑगस्टची वाट बघत नाही, त्यामुळे महिन्यांनी येणाऱ्या फोडाला सॉल्व्हंट पॉप म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मला एका दुकानदाराने तेच सांगून स्लो रिड्यूसरचा, म्हणजे सावकाश उडणाऱ्या थिनरचा, डबा विकला होता.

मी बारा ठिकाणी ब्लेड लावलं आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ज्याला मी तीन वर्षं एकच प्रॉब्लेम समजत होतो ते तीन वेगळे होते. चाकामागे आतून गंज. खांबावर ओलावा. बॉनेटवर न चिकटलेले थर. तिघांना मी एकच औषध देत होतो, नवीन रंग.

चाकामागचं आधी, ते सोपं आहे. माझ्या गाडीला फॅक्टरीतून व्हिनाइल टॉप (छतावर चिकटवलेलं रेक्झिनसारखं आवरण) होता, आधीच्या कुठल्यातरी मालकाने काढून टाकलेला. या व्हिनाइलच्या खाली पाणी धरून राहतं आणि मागच्या काचेच्या खालचा चर सडतो. ट्रिम काढली तर चरात पेन्सिल जाईल एवढी तीन भोकं होती. पाणी तिथून ट्रंकमध्ये, ट्रंकमधून क्वार्टर पॅनलच्या आत खालच्या खोबणीत, आणि तिथली निचऱ्याची भोकं पन्नास वर्षांच्या चिखलाने बंद. म्हणजे पॅनल आतून पाण्यात उभं आणि मी बाहेरून पॉलिश करतोय. तिथे कापा आणि नवीन पत्रा वेल्ड करा, दुसरा मार्ग नाही. पण आधी चर दुरुस्त करा, नाहीतर नवीन पत्राही तसाच जाईल. तपासायची पद्धत, ट्रंकमध्ये टॉर्च घेऊन माणूस बसवा आणि बाहेरून काचेवर पाच मिनिटं पाईप धरा. जोरात नको, पाऊस पडल्यासारखं. सगळा रंग झाल्यावर आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळ्यांत मारायचं गंजरोधक मेण) मारायचं विसरू नका, आणि ते रंगाच्या नंतर, आधी मारलं तर कडेने बाहेर येऊन फिश आय, म्हणजे रंगात गोल खड्डे, करतं.

आता खांब, म्हणजे सेल पॅनल. यावर जरा जास्त बोलतो कारण इथे बहुतेक लोक फसतात आणि शॉपवालेही. त्या काळातल्या अमेरिकन गाड्यांमध्ये छत आणि क्वार्टर पॅनल यांचा जोड फॅक्टरीत शिशाने भरायचे, शिसं आणि कथील यांचं मिश्रण वितळवून थापायचं आणि कानशीने सपाट करायचं. शिसं स्वतः गंजत नाही, चांगलं काम असेल तर अजून पन्नास वर्षं टिकेल. घोटाळा होतो तो त्या खालच्या फ्लक्समुळे. शिसं पत्र्याला धरावं म्हणून अॅसिडवालं फ्लक्स लावतात, ते जोडाच्या फटीत थोडं राहतं, आणि एकदा का कुणी वरचा रंग सोलून त्या जोडावर ब्लास्टिंग (वाळूचा मारा) केलं किंवा रासायनिक स्ट्रिपर ओतला की फटीत आणखी काहीबाही शिरतं. वरून फिलर आणि रंग. मग दमट हवेत बरोबर त्या जोडाच्या रेषेत फुगवटा येतो. रेघ सरळ असेल तर संशय जोडावरच घ्या, गंज असा पट्टी लावून सरळ रेषेत चालत नाही.

माझ्या पहिल्या शॉपने शिशाला हात न लावता त्यावर सेल्फ-एच प्रायमर मारून वर पॉलिस्टर फिलर (आपल्याकडे ज्याला लांबी किंवा पुट्टी म्हणतात तेच) भरलं होतं. सेल्फ-एचमध्ये अॅसिड असतं, त्याच्यावर पॉलिस्टर फिलर नीट पकडत नाही, हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही. त्यात फिलर वॉटर पेपरने घासलेलं. फिलरमध्ये टाल्क असतो, तो स्पंजासारखं पाणी पितो. पुण्या-मुंबईकडे अजूनही बरेच कारागीर बादलीत पेपर बुडवून लांबी घासतात, हात सरावलेला असतो, फिनिश सुंदर येतो, पण उघडं फिलर कधीही कोरडंच घासायचं. वॉटर पेपर फक्त वरच्या रंगावर आणि क्लिअरवर.

काय केलं ते सांगतो. शिसं काढलं. टॉर्चची ज्योत लांबून, ते १८३ अंश सेल्सिअसपासून मऊ पडायला लागतं, पत्रा लाल करायची काहीही गरज नाही, वायर ब्रशने मऊ झालेलं ओढून खाली ट्रेमध्ये. ग्राइंडर अजिबात नाही, शिशाची धूळ घरात मुलांपर्यंत जाते, आणि हेच लक्षात ठेवा की १९७० च्या मूळ रंगातही शिसं असू शकतं त्यामुळे कोरडं घासताना पी-१०० मास्क आणि कपडे वेगळे धुवायचे. मग जोडाची फट गरम पाण्यात खायचा सोडा घालून घासली, दोनदा, मग स्वच्छ डिस्टिल्ड पाणी, मग हीट गनने पूर्ण कोरडं, मग वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हर, दोन फडकी, एकाने लावायचं आणि ओलं असतानाच दुसऱ्याने पुसून घ्यायचं. सुकू दिलं तर घाण जागच्या जागी परत बसते. मग एपॉक्सी प्रायमर (पत्रा बंद करणारा दोन भागांचा प्रायमर) दोन हात, त्याच्यावर काचेच्या तंतूवालं वॉटरप्रूफ फिलर जोडावर, आणि त्यावर नेहमीचं फिलर अगदी पातळ. काहीजण जोड पूर्ण वेल्ड करतात, तेही चांगलं, पण शिशाचा कण जरी राहिला तरी वेल्ड खराब होतं, माझ्यात तेवढा पेशन्स नव्हता.

फिलर आधी का एपॉक्सी आधी यावर लोक मारामाऱ्या करतात. उघड्या पत्र्यावर फिलर चिकटतं, खोटं नाही. पण मीठ खाल्लेल्या गाडीवर मी एपॉक्सीच आधी म्हणेन, कारण वरून ओल आलीच तर निदान पत्र्यावर एक बंद थर आहे.

आता तिसरा प्रकार, बॉनेट. इथे चूक शंभर टक्के माझी आणि शोधायला सगळ्यात जास्त वेळ याला लागला. पत्रा स्वच्छ होता, एपॉक्सी महागातली, मिक्सिंग मापून, तरी वरचा हाय-बिल्ड प्रायमर (घासून सपाट करायचा जाड प्रायमर) एपॉक्सीवरून पापुद्र्यासारखा निघाला. कारण हीटर. बिनचिमणीचा प्रोपेन हीटर गॅरेजमध्ये जळतो तेव्हा उष्णतेबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सोडतो, आणि पाणी किती, तर एक किलो प्रोपेनमागे साधारण १.६ लिटर. इथलं बार्बेक्यूचं सिलिंडर ९ किलोचं असतं, ते संपलं म्हणजे जवळजवळ १५ लिटर पाणी वाफ होऊन बंद गॅरेजच्या हवेत. मी दोन दिवसांत दीड सिलिंडर जाळलं होतं. म्हणजे गाडीला एका बाजूने रंग देत होतो आणि दुसऱ्या बाजूने स्टीम बाथ.

एपॉक्सीच्या हार्डनरमध्ये (घट्ट होण्यासाठी मिसळायचा दुसरा भाग) अमाईन नावाची रसायनं असतात, थंडीत एपॉक्सी सावकाश पिकते म्हणजे घट्ट होते आणि तेवढ्या वेळात पृष्ठभागावरचे अमाईन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून मेणचट पातळ साय धरतात. याला अमाईन ब्लश म्हणतात. डोळ्याला दिसेलच असं नाही, बोटाला किंचित तेलकट लागतं. त्याच्यावर काहीही मारा, ते सायीवर बसतं, एपॉक्सीवर नाही. गंमत म्हणजे ही साय पाण्यात विरघळते आणि थिनरने नुसती पसरते, मी थिनरने पुसत होतो. कोमट पाणी, हिरव्या-लाल रंगाचं ते घासायचं पॅड, घासून धुवा, कोरडं करा आणि मगच पेपर मारा. आधी पेपर मारला तर साय चरांमध्ये दाबली जाते.

त्यात भर म्हणजे हवा गरम पण पत्रा थंड. हीटरने हवा अर्ध्या तासात गरम होते, पण रात्रभर गारठलेला पत्रा लगेच होत नाही. हिशेब बघा, हवा ६५ फॅरनहाइट म्हणजे १८ सेल्सिअस, आर्द्रता ७० टक्के, तर दव पडायचं तापमान येतं ५५ फॅरनहाइट, साधारण १३ सेल्सिअस. पत्रा ५० फॅरनहाइटवर असेल तर त्याच्यावर न दिसणारं दव पडलेलंच आहे आणि तुम्ही त्यावर गन मारताय. नियम असा की पत्रा ड्यू पॉइंटच्या वर निदान ५ फॅरनहाइट, म्हणजे ३ सेल्सिअस तरी हवा. वीस-तीस डॉलरचा इन्फ्रारेड थर्मामीटर आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ, दोन्ही मी चौथ्या वेळेला घेतलं. बहुतेक एपॉक्सी ६० फॅरनहाइटच्या खाली पिकायचं जवळजवळ थांबवतात, तेही पत्र्याचं तापमान, हवेचं नाही, आणि नुसतं मारतानाच नाही, रात्रभर. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये रंग करणाऱ्यांचा प्रॉब्लेम उलटा, पत्रा गरम पण हवाच पाण्याने भरलेली, तिथेही हाच हिशेब करून बघा.

कॉम्प्रेसरचं पाणी हा आणखी एक चोर. दाबलेली हवा गरम असते, नळीत गार झाली की पाणी सुटतं. ड्रायर किंवा निदान लांब लोखंडी पाईप उतार देऊन, आणि टाकी रोज रिकामी करायची. एचव्हीएलपी गनला (कमी दाबाच्या स्प्रे गनला) हवा भरपूर लागते, छोटा कॉम्प्रेसर सतत चालत राहिला की जास्त तापतो आणि जास्त पाणी फेकतो.

एवढं सगळं झालं की मग पेंट. जुन्या रंगावरच मारणार असाल, पत्र्यापर्यंत सोलणार नसाल, तर आधी तो रंग कुठला आहे ते बघा. फडक्याला लॅकर थिनर लावून लपलेल्या जागी अर्धा मिनिट चोळा. रंग लोण्यासारखा फडक्यावर आला तर लॅकर. सुरकुतला, मऊ पडला तर बहुतेक एनॅमल. काही झालं नाही तर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग. लॅकरवर थेट टू-के मारलात तर त्यातला जोरदार रिड्यूसर खालचा थर उचलतो आणि मगरीच्या कातडीसारखं होतं, मध्ये एपॉक्सी सीलर पाहिजेच. स्प्रे कॅनमधला वन-के (बिनहार्डनरचा) प्रायमर मध्ये कुठे असेल तर काढून टाका, तो कायम थिनरमध्ये विरघळत राहतो. आणि किती थर आहेत तेही मोजा, माझ्या दरवाजावर गेज २२ मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दाखवत होता, म्हणजे तीन-चार रंग एकावर एक, तेवढ्या जाडीवर कुठलाही पेंट पुढेमागे तडकतो.

ओरिजिनल काय होतं हे ज्यांना महत्त्वाचं वाटतं त्यांच्यासाठी. जनरल मोटर्सच्या गाड्यांवर, म्हणजे शेव्हेल, कमॅरो, जीटीओ, अॅक्रिलिक लॅकर असायचा. फोर्ड आणि क्रायस्लर भट्टीत भाजलेला एनॅमल मारायचे. त्यामुळे कमॅरो हवी तेवढी घासून आरशासारखी करणं एकवेळ चालेल, पण डॉज किंवा प्लिमथवर (दोन्ही क्रायस्लरच्याच) थोडी संत्र्याच्या सालीसारखी फिनिशच खरी. आजच्या क्लिअरकोटची जाड काच चढवलेली चॅलेंजर सुंदर दिसते, पण १९७० ची दिसत नाही.

लॅकर आज मारू का? दाखवायच्या गाडीसाठी, जी ट्रेलरवरून येते-जाते, हरकत नाही. चालवायच्या गाडीसाठी नको, थंडी-उन्हात तडे जातात, पेट्रोल सांडलं की डाग. आपल्याकडचे गॅरेजवाले एनसी (लॅकर) आणि पीयू (हार्डनरवाला) म्हणतात, साधारण तोच फरक. अॅक्रिलिक एनॅमल स्वस्त पडतो पण लवकर निस्तेज होतो, त्यामुळे खरी निवड राहते ती सिंगल स्टेज युरेथेन (हार्डनरवाला) आणि बेस-क्लिअर यांच्यातच.

साधा सॉलिड रंग असेल, म्हणजे हेमी ऑरेंज (फॅक्टरीचा रंग-कोड ईव्ही२) किंवा पांढरा (ईडब्ल्यू१), तर सिंगल स्टेज घ्या, डोळे झाकून. कमी थर, कमी खर्च, जुन्या रंगासारखा मऊ झळाळ, ओरखडा गेला तर पॉलिश करता येतो (फडक्यावर रंग येतो, घाबरू नका, तो तसाच असतो). मेटॅलिक असेल तर बेस-क्लिअर, कारण सिंगल स्टेज मेटॅलिक घासलं की वरची चमकी कापली जाते आणि ढग दिसतात, एका दरवाजावर काही झालं तर जुळवता जुळवता अख्खी बाजू मारावी लागते. लाल-नारिंगी रंग बाकीच्यांपेक्षा महाग पडतात हेही बजेटमध्ये धरा.

माझ्या फेंडर टॅगवर, इंजिनाच्या डाव्या बाजूला आतल्या फेंडरवर स्क्रूने बसवलेला छोटा पत्रा असतो त्यावर, ईएफ८ आहे, गडद हिरवा मेटॅलिक. मला लहानपणापासून हवा होता एफसी७ प्लम क्रेझी, तो जांभळा. बायको म्हणाली वांग्याच्या रंगाची गाडी असेल तर मी मंडळाच्या गणपतीला वेगळी येईन. शेवटी हिरवाच ठेवला, तिच्यामुळे नाही, रंग बदलायचा तर दरवाजाच्या आत, ट्रंकच्या आत, डॅशखाली, फायरवॉलवर सगळीकडे बदलावा लागतो आणि त्यासाठी इंजिन बाहेर काढायला लागतं म्हणून. गाडी हॅमट्रॅमिकच्या डॉज मेनमधून निघाली होती, माझ्या घरापासून तासाभराच्या आत, तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला, म्हटलं निदान रंग तरी तिथलाच राहू दे. छटा जुळवायला ट्रंकमधल्या चटईखालचा रंग बघितला, बाहेरचा उन्हाने बदललेला असतो, आणि कार्डावर मारून ते कार्ड दुपारच्या उन्हात, सावलीत आणि ट्यूबलाइटखाली तिन्हीकडे धरलं.

एपॉक्सीपासून क्लिअरपर्यंत सगळं एकाच कंपनीच्या एकाच सिस्टिममधलं घ्या, कुठल्या कंपनीचं ते त्यामानाने कमी महत्त्वाचं. प्रत्येक डब्याची टेक्निकल शीट असते ती छापून भिंतीला लावा. त्यात रिकोट विंडो लिहिलेली असते, म्हणजे किती तासांनंतर आणि किती दिवसांच्या आत पुढचा थर मारायचा. विंडो उलटली की घासल्याशिवाय पुढचा थर नाही. माझ्यासारखे शनिवार-रविवारवाले इथेच मार खातात, या शनिवारी एपॉक्सी, पुढच्या शनिवारी पाहुणे, त्याच्या पुढच्या शनिवारी प्रायमर, आणि मध्ये घासलं का तर नाही.

एक गोष्ट गंभीरपणे. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा वास येऊन इशारा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि एकदा त्याची अॅलर्जी बसली की आयुष्यभराचा दमा होऊ शकतो. काळ्या काडतुसांचा साधा मास्क पुरेसा धरू नका, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लागतो, डोळे-हात झाकलेले. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये वॉटर हीटरची ज्योत पेटलेली असते, तिथे थिनरच्या वाफा म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून चौथ्या वेळेला मी घरी फक्त सोलणं, फिलर आणि घासणं केलं, आणि एपॉक्सी, प्रायमर, रंग, क्लिअर सगळं भाड्याच्या बूथमध्ये, जूनमध्ये.

आणि मारायच्या आधी एक जुना फेंडर घेऊन त्यावर सगळे थर तसेच चढवा. पूर्ण पिकला की ब्लेडने चौकड्या कापून टेप लावून ओढा. मग दुसऱ्या जागी ओला टॉवेल, वर प्लास्टिक, कडा टेपने बंद, तीन दिवस. काढल्यावर लगेच तिरक्या उजेडात बघा. माझ्या प्रोपेनवाल्या बॉनेटच्या तुकड्यावर हे केलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी फोड होते, नवीनवर काही नाही. हे मी पहिल्या वर्षी केलं असतं तर किती डॉलर वाचले असते याचा हिशेब बायकोने केलेला आहे, मी बघितलेला नाही.

दोन ऑगस्ट गेले. खांब सपाट, चाकामागे सपाट. फायरवॉलवर ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या खाली मात्र रुपयाएवढा रंग सुटलाय, ब्लेड लावायचीही गरज पडली नाही, डॉट-३ ब्रेक फ्लुइड ठिबकतंय आणि ते पेंट स्ट्रिपरसारखंच काम करतं. तुमच्याकडे फोड फक्त त्या जागी असतील तर वरचं सगळं सोडा, आधी सिलिंडरचं सील बदला, आणि सिलिकॉनचं डॉट-५ घालायचा विचार असेल तर रंगाचं सगळं काम पूर्ण झाल्यावर घाला, त्याचा एक थेंब पत्र्यावर राहिला तर फिश आयचा वेगळा धडा सुरू होतो.